कागदाचा चेहरा आणि कागदाचे नाव



दहावी-बारावीचे निकाल लागले की महाविद्यालयाच्या प्रवेशखिडकीपाशी एक प्रसंग हमखास घडतो. विद्यार्थी मोबाइलचा पडदा अंगठ्याने वरखाली सरकवत उभा असतो, मागे रांग खोळंबलेली असते आणि आतून विचारणा होते, ‘शाळा सोडल्याचा दाखला कुठे आहे?’ दाखला मोबाइलमध्येच असतो. घरच्यांनी तो व्हॉट्सॲपवर पाठवलेला असतो. पण डाउनलोडच्या यादीत त्याचे नाव ‘डीओसी’, मग तारखेचे आठ आकडे, मग ‘डब्ल्यूए’ आणि एक अनुक्रमांक असे असते. त्याच्या वर आणि खाली तशाच नावांचे कागद दाटलेले असतात. अशा वेळी कुणी जाणते माणूस फोन हातात घेते आणि कोपऱ्यातल्या चार चौकोनांच्या खुणेवर बोट टेकवते. यादी जाते, कागदांची छोटी छोटी चित्रे ओळीने मांडली जातात, आणि मुख्याध्यापकांच्या सहीजवळचा गोल शिक्का पाहून दाखला ओळखू येतो.

आजच्या व्याख्यानाचा विषय त्या चार चौकोनांमागचा आहे. संगणक, टॅब्लेट, मोबाइल किंवा ई-वाचक यांवर कागदपत्रे धुंडाळताना नावांची यादी कामाला येते की लघुचित्रांची मांडणी, जिला सगळे ‘ग्रिड व्ह्यू’ किंवा ‘थंबनेल’ म्हणतात ती? प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण जन्मदाखल्यापासून जमिनीच्या उताऱ्यापर्यंतचे सगळे कागद आता पडद्यावर आले आहेत, आणि जुनी मराठी पुस्तकेही तिथेच आली आहेत. त्यांतले काय सापडेल आणि काय नजरेआड राहील, हे पुष्कळदा या मांडणीवर ठरते.

या मांडणीचा उगम शोधत गेले तर अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये पोचावे लागते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या आर्किटेक्चर मशीन ग्रुपमध्ये निकोलस नेग्रोपॉन्टे, रिचर्ड बोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन निधीतून एक खोली उभारली. एका भिंतीवर मोठा पडदा, समोर आरामशीर ईम्स खुर्ची, खुर्चीच्या हातांवर जॉयस्टिक आणि बोटाचा स्पर्श ओळखणाऱ्या पट्ट्या. बाजूच्या लहान पडद्यावर ‘डेटालँड’ नावाचा एक प्रदेश नकाशासारखा पसरलेला दिसे. पत्रे, नकाशे, छायाचित्रे यांची लहान चित्रे त्या प्रदेशात आपापल्या जागी मांडलेली असत. खुर्चीतला माणूस त्यावरून फिरे आणि हवी ती वस्तू समोरच्या भिंतीवर मोठी करून पाही. बोल्ट यांनी १९७९ च्या अहवालात या कल्पनेचा धागा सिमोनिडीस या प्राचीन ग्रीक कवीशी जोडला. मेजवानीच्या दालनाचे छप्पर कोसळून पाहुणे दगावले, तेव्हा कोण कुठे बसले होते हे आठवून सिमोनिडीसने एकेकाची ओळख पटवली, अशी कथा आहे. कोणती गोष्ट कुठे होती, हे माणसाला ती गोष्ट काय होती याच्याइतकेच घट्ट लक्षात राहते. डेटालँडचा सगळा भर ‘कुठे’ या शब्दावर होता. चित्रे लहान होती ती एवढ्याचसाठी, की सगळा प्रदेश एका नजरेत मावावा.

बाजारात मात्र निम्मीच कल्पना पोचली. झेरॉक्सचा स्टार हा संगणक १९८१ मध्ये आला, ॲपलचा लिसा १९८३ मध्ये आणि मॅकिंटॉश १९८४ मध्ये. त्यांच्या पडद्यावर फायली चित्ररूपाने दिसू लागल्या. पण ती चित्रे त्या त्या कागदाची नव्हती, आयकॉन होती. सुझन केअर यांनी मॅकिंटॉशचे आयकॉन आलेखाच्या कागदावर ३२ गुणिले ३२ चौकोन भरून रेखाटले. काम असामान्य कौशल्याचे होते आणि त्यातली काही चित्रे आजही डोळ्यांसमोर येतात. तरीही दुमडलेल्या कोपऱ्याचे तेच पान प्रेमपत्रालाही आणि वीजबिलालाही. आयकॉन सांगतो की ही फाइल कोणत्या प्रोग्रॅमची आहे. आत काय आहे ते सांगत नाही. याला कारणही सबळ होते. आतले चित्र दाखवायचे तर प्रत्येक फाइल उघडून वाचावी लागते, आणि त्या पहिल्या मॅकिंटॉशची सगळी स्मृती १२८ किलोबाइट होती.

स्मृती स्वस्त झाली, डिजिटल कॅमेरे आले, आणि छायाचित्रांच्या रेट्यामुळे खरी लघुचित्रे घरोघर पोचली. २००१ च्या विंडोज एक्सपीमधले फोल्डरचे ‘थंबनेल’ दृश्य सर्वांच्या परिचयाचे झाले. त्याबरोबर प्रत्येक फोल्डरमध्ये ‘थंब्स.डीबी’ नावाची एक लपलेली फाइल साचू लागली. झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावून आणला की ती दिसे आणि कित्येकांना व्हायरसची शंका येई. प्रत्यक्षात ती त्या फोल्डरमधल्या चित्रांच्या लहान प्रतींची साठवण होती. पुढे विस्टामध्ये ही साठवण प्रत्येक वापरकर्त्याच्या एकाच जागी हलवली गेली.

ही साठवण कशी चालते ते थोडे सविस्तर पाहायला हवे, कारण वापरणाऱ्याच्या बऱ्याच अडचणींचे मूळ तिथे आहे. फोल्डर पहिल्यांदा ग्रिडमध्ये उघडला की संगणक एकेक फाइल वाचतो, पहिल्या पानाचे लहान चित्र काढतो आणि बाजूला ठेवून देतो. दुसऱ्या खेपेला तयार चित्रच दाखवतो. लिनक्सच्या जगात यासाठी एक सामाईक नियमावली आहे. तिच्यात साधे लघुचित्र १२८ ठिपक्यांच्या (पिक्सेलच्या) चौकोनात आणि मोठे २५६ ठिपक्यांच्या चौकोनात बसवतात. लघुचित्राचे नाव मूळ फाइलच्या पत्त्यावरून गणिताने काढतात, आणि मूळ फाइल शेवटची कधी बदलली ती वेळही त्यात नोंदवून ठेवतात. वेळ जुळली नाही तर चित्र नव्याने काढायचे. फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली की पत्ता बदलतो, म्हणून पुन्हा नव्याने काढायचे. स्कॅन केलेल्या शेकडो पीडीएफ एका पेनड्राइव्हवरून दुसरीकडे नेल्या की आधी बराच वेळ कोरे चौकोन दिसत राहतात, ते यामुळे. कॅमेऱ्याच्या कार्डावरचे फोटो मात्र झटकन दिसतात, कारण कॅमेरा फोटो काढतानाच १६० गुणिले १२० ठिपक्यांची लहान प्रत त्याच फाइलच्या पोटात ठेवून देतो. पीडीएफच्या रचनेतही प्रत्येक पानाचे लघुचित्र फाइलमध्येच ठेवण्याची सोय आहे. ती वापरली मात्र क्वचितच जाते.

आता खुद्द कागदाकडे वळू. ए-फोर कागदाची उंची २९७ मिलिमीटर. तो २५६ ठिपक्यांत बसवला की एका ठिपक्याच्या वाट्याला मिलिमीटरभराहून थोडे अधिक येते. कचेरीतल्या नेहमीच्या अर्जाचे अक्षर १२ पॉइंटचे, म्हणजे सव्वाचार मिलिमीटरचे. त्याच्या वाट्याला जेमतेम साडेतीन ठिपके उरतात. रोमन अक्षर एवढ्यात वाचता येत नाहीच, पण देवनागरीची अवस्था त्याहून बिकट होते. वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार असे तीन मजले साडेतीन ठिपक्यांत उभे राहू शकत नाहीत. उरते ती शिरोरेघांची करडी पट्टी. तेच ३६ पॉइंटचे शीर्षक असेल तर त्याला अकरा ठिपके मिळतात आणि डोळे बारीक करून ते वाचता येते.

या साध्या गणितातून बरेच काही निघते. लघुचित्रात मजकूर दिसत नाही, मजकुराची बांधणी दिसते: समास किती, परिच्छेद कुठे तुटतात, तक्ता आहे का, शिक्का कुठे आहे, फोटो डावीकडे की उजवीकडे. म्हणून लघुचित्र कागदाचा प्रकार सांगते. नेमका कागद कोणता, हे सांगणे त्याच्या शक्तीबाहेरचे आहे. सातबाऱ्याचा उतारा पाहा. वर गाव नमुना सात, खाली गाव नमुना बारा, रकान्यांची ती ठरावीक चौकट. शेतकऱ्याच्या घरातले मूलसुद्धा तो दुरून ओळखते. पण एकाच कुटुंबाचे पाच गटांचे पाच उतारे फोनमध्ये असतील तर ग्रिडमध्ये ते पाचही एकसारखे दिसतात, आणि चुकीचा गट नंबर बँकेच्या कर्जप्रकरणाला जोडला जाण्याची भीती तिथेच असते. त्या ठिकाणी मदतीला येते ते फक्त नाव, आणि तेही माणसाने नीट दिलेले.

काही कागदांना तर चेहराच नसतो. ई-आधारची पीडीएफ उघडायला नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष असा पासवर्ड लागतो. कुलूप लावलेल्या फाइलच्या आत संगणकालाही डोकावता येत नाही, त्यामुळे लघुचित्र तयार होत नाही आणि नुसता आयकॉन दिसतो. लोकांना ही गैरसोय वाटते, पण तसे असणेच योग्य आहे. लघुचित्र ही मूळ कागदाची प्रत असते, हे सहसा ध्यानात येत नाही. जुन्या विंडोजवर मूळ छायाचित्र पुसल्यावरही थंब्स.डीबीमध्ये त्याची लहान प्रत उरे, आणि गुन्ह्यांच्या तपासात तज्ज्ञ ती शोधत. फोटोतला काही भाग कापून टाकल्यावर पोटातले जुने लघुचित्र तसेच राहून कापलेला भागही उघड झाला, असे काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये घडलेले आहे. सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या लॅपटॉपवर आपले दाखले उघडणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

चित्र लक्षात राहते म्हणून थंबनेल चांगले, असे सर्रास म्हटले जाते. त्यामागे खरे संशोधन आहे. रॉजर शेपर्ड यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना ६१२ चित्रे दाखवली आणि नंतर जोडीतले पाहिलेले चित्र कोणते ते विचारले. उत्तरे जवळजवळ सगळी बरोबर आली. लायोनेल स्टँडिंग यांनी १९७३ मध्ये हा आकडा १०,००० चित्रांपर्यंत नेला, आणि तरीही ओळख थक्क करणारी राहिली. मात्र ती चित्रे एकमेकांपासून वेगळी होती. वेगळेपण नाहीसे झाले की हा सगळा लाभ ओसरतो. दहा करारनामे, दहा परिपत्रके, दहा प्रश्नपत्रिका यांची लघुचित्रे लक्षात ठेवायला कुणी सांगितले तर शेपर्ड यांच्या प्रयोगातला माणूसही हात टेकेल.

मग ज्यांचे चेहरे सारखे त्यांचे काय? इथे डेटालँडची राहून गेलेली निम्मी कल्पना, म्हणजे ‘कुठे’, परत येते. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या जॉर्ज रॉबर्टसन, मेरी झेरविन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘डेटा माउंटन’ नावाची रचना केली. पडद्यावर एक उतरता पृष्ठभाग, त्यावर १०० वेबपानांची लघुचित्रे, आणि ती कुठे मांडायची ते प्रत्येकाने स्वतः ठरवायचे. त्या काळच्या इंटरनेट एक्सप्लोररच्या ‘फेव्हरिट्स’ यादीपेक्षा इथे पाने लवकर सापडली आणि चुकाही कमी झाल्या. खरी मौज पुढच्या प्रयोगात आहे. काही महिन्यांनी त्याच लोकांना परत बोलावले. त्यांना आपली मांडणी आठवत होती. मग लघुचित्रे काढून घेतली आणि जागेवर कोरे चौकोन ठेवले. सुरुवातीला लोक अडखळले, पण थोड्याच वेळात पूर्वीच्याच सफाईने पाने काढू लागले. चित्र नसतानाही काम भागले, कारण जागा तीच होती. फळीवर सारखे स्टीलचे डबे ओळीने मांडलेले असतात, तरी घरच्या बाईला तुरीच्या डाळीचा डबा अंधारातही सापडतो, तसेच हे.

आजच्या ग्रिडने नेमकी हीच गोष्ट गमावली आहे, असे प्रस्तुत वक्त्याचे स्पष्ट मत आहे. गूगल ड्राइव्हसारख्या सेवेत कागद ‘शेवटचा कधी उघडला’ या क्रमाने लावले असतील तर एक फाइल उघडून बंद करताच ती पहिल्या जागी उडी मारते आणि बाकी सगळ्या एकेक घर सरकतात. काल उजवीकडे खाली पाहिलेला कागद आज तिथे नसतो. त्यात साधने बदलली की गोंधळ आणखी वाढतो. लॅपटॉपवर एका ओळीत सहा चित्रे मावतात, टॅब्लेट उभा धरला तर चार, आडवा धरला तर पाच-सहा, फोनवर दोनच. लॅपटॉपवर पहिल्या ओळीच्या शेवटी असलेला सहावा कागद फोनवर तिसऱ्या ओळीत जातो. क्रम तोच राहतो, जागा मोडते. डोळ्याने गोळा केलेली ‘कुठे’ची आठवण एका साधनावरून दुसऱ्यावर नेता येत नाही. उलट फोनच्या मुख्य पडद्यावरचे ॲप आपण ठेवले तिथेच राहतात, म्हणून अंगठा न पाहताही त्यांच्यावर जातो. ज्या माणसाला तिथे काहीच शोधावे लागत नाही, त्याच माणसाला ड्राइव्हमध्ये भाडेकरार सापडत नाही. दोष माणसाच्या स्मरणशक्तीचा नाही.

प्रत्येक साधनाची आपली एक मर्यादाही असते. फोनवर बोटाला जागा हवी: ॲपलची शिफारस ४४ पॉइंटची आणि अँड्रॉइडची ४८ एककांची आहे, म्हणजे प्रत्यक्षात साधारण ७ ते ९ मिलिमीटर. यादीतल्या ओळीला एवढी उंची पुरते आणि एका पडद्यात दहा-बारा नावे बसतात. ग्रिडमध्ये चित्र ओळखू येण्याइतके मोठे ठेवले की सहा कागदांतच पडदा भरतो. म्हणून फोनवर कागद थोडे आणि निरनिराळ्या प्रकारांचे असतील तर ग्रिड, पुष्कळ आणि सारखे असतील तर यादी, आणि नावातला एखादा शब्द आठवत असेल तर सरळ शोधचौकट, हा व्यवहार बरा. मोठ्या पडद्यावर निवड अधिक मोकळी असते. विंडोजमध्ये कंट्रोल दाबून माउसचे चाक फिरवले की चित्रे लहानमोठी होत जातात आणि पुढे यादीही येते. ही सोय माहीत नसलेले लोक वर्षानुवर्षे एकाच दृश्यात अडकून राहिलेले आढळतात. मॅकवर २००७ पासून फाइल निवडून स्पेसबार दाबला की ती न उघडता मोठी दिसते. लघुचित्राच्या अपुरेपणावर याहून चांगला उपाय आजवर झालेला नाही. त्याच वर्षी मॅकच्या फोल्डरमध्ये आलेला ‘कव्हर फ्लो’ दिसायला देखणा होता, पण एका वेळी एकच कागद समोर आणून बाकीचे तिरपे करून टाकणारा होता. २०१८ मध्ये त्याची जागा ‘गॅलरी’ दृश्याने घेतली.

ई-वाचकावर गोष्ट पुन्हा निराळी. २००७ चा पहिला किंडल करड्याच्या चारच छटा दाखवी आणि पुस्तकांची नुसती यादी देई. पुढे २०१२ च्या पेपरव्हाइटमध्ये मुखपृष्ठांची मांडणी आली, रंग मात्र २०२४ च्या कलरसॉफ्टपर्यंत आला नव्हता. लाल मुखपृष्ठ आणि हिरवे मुखपृष्ठ करड्या छटेत एकसारखे होतात, आणि शाईचा पडदा सावकाश बदलत असल्याने भराभर सरकवताही येत नाही. अशा साधनावर यादीच सरस ठरते.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तर ग्रिडमध्ये उरते फक्त नाव. एनव्हीडीए किंवा टॉकबॅक यांसारखी पडदा वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर सहसा लघुचित्राचे वर्णन करत नाहीत, फाइलचे नाव वाचतात. ‘स्कॅन ००१४’ असे सात वेळा ऐकणाऱ्या अंध विद्यार्थ्यासमोर सातही कागद चेहरा नसलेले असतात. कागदाला नाव देण्याचा आळस डोळसांना थोडासा महाग पडतो, त्याची मोठी किंमत हा विद्यार्थी मोजतो.

मराठीच्या बाबतीत नावांचा हा प्रश्न जुना आणि खोल आहे. विंडोज २००० येण्यापूर्वी विंडोजला देवनागरी मुळात येतच नव्हती. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या फॉन्टांनी कागदावर सुंदर मराठी उमटे, पण फाइलचे नाव रोमनमध्येच द्यावे लागे. मग ‘अर्ज’ हा एक शब्द एका कारकुनाने एका स्पेलिंगने लिहिला, दुसऱ्याने दुसऱ्या. वर्णानुक्रमे लावलेल्या यादीत एकाच विषयाचे कागद चार ठिकाणी विखुरले. त्या जुन्या फायली आज उघडल्या आणि तो फॉन्ट संगणकावर नसला तर आतला मजकूरही चिन्हांचा कचरा दिसतो, आणि लघुचित्रातही तोच कचरा उमटतो. पीडीएफ केलेल्या कागदांचा चेहरा टिकला, कारण पीडीएफ आपले फॉन्ट सहसा सोबत बाळगते. ज्या संस्थांनी वेळीच पीडीएफ केल्या, त्यांचे जुने इतिवृत्त आज निदान पाहून ओळखता येते.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर पाहायची तर इंटरनेट अर्काइव्हवरची मराठी पुस्तके पाहावीत. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात स्कॅन झालेली असंख्य भारतीय पुस्तके आता तिथे आहेत. त्यांत मराठी ग्रंथांचा मोठा साठा आहे आणि अभ्यासकांवर त्याचे ऋण आहे. पण या पुस्तकांची नावे रोमनमध्ये, आणि तीही वाटेल त्या स्पेलिंगने नोंदलेली आहेत. कुठे लेखकाचे नाव शीर्षकाच्या जागी, कुठे भाषाच चुकीची. अशा वेळी वाचक नाव सोडून लघुचित्रांच्या मांडणीकडे वळतो, आणि तिथे दुसरी निराशा वाट पाहत असते. ग्रंथालयांनी पुस्तकांना पक्की बांधणी केलेली असते. स्कॅन करणाऱ्याने पहिले पान म्हणून ते तपकिरी कापड किंवा आतला कोरा कागद घेतला, आणि संगणकाने तोच पुस्तकाचा चेहरा ठरवला. शोधाच्या निकालात ओळीने कोरी, पिवळट पाने उभी राहतात. नाव चुकलेले आणि चेहरा कोरा, अशा पुस्तकाचा माग लागायला वाचकाचे नशीबच लागते.

पुस्तक एकदा उघडले की मात्र तीच लघुचित्रे मोलाची मदत करतात. अर्काइव्हच्या वाचनपडद्यावर एक पान, दोन पाने आणि सगळ्या पानांची लघुचित्रे अशी तीन दृश्ये आहेत. तिसऱ्यात गेले की न वाचता पुस्तक कळू लागते. सभोवार मोकळी जागा आणि नक्षीची चौकट असलेले पान म्हणजे मुखपान. लेखक, छापखाना, शके आणि किंमत तिथेच सापडतात. डावीकडे पात्रांची नावे आणि उजवीकडे संवाद असे कातरलेले पान नाटकाचे. ओव्यांचे पान मधोमध अरुंद, टीकेसह असेल तर ठळक ओवी आणि तिच्याखाली बारीक टीपांचा दाट थर. शब्दकोश दोन स्तंभांचा, पंचांग रकान्यांनी भरलेले, शेवटची पाने जाहिरातींची. जुन्या मराठी मुद्रणाचा अभ्यास करणाऱ्याला या एका दृश्यात तासाभराचे काम काही मिनिटांत उरकता येते. लांबलचक दस्तऐवजाची सगळी पाने एकाच पडद्यात मावतील एवढी लहान करून दाखवली तर सरकवत बसण्यापेक्षा पान लवकर सापडते, हे अँडी कॉकबर्न, कार्ल गटविन आणि जेसन अलेक्झांडर यांनी २००६ मध्ये प्रयोगाने दाखवलेच आहे.

मोडी कागदांबाबत तर ही नजर संशोधकांपाशी संगणकाच्या कितीतरी आधीपासून होती. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधून ठेवलेले. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखाली १९३० पासून त्यांतल्या निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. रुमाल सोडला की मुरलेला अभ्यासक पहिली ओळ वाचण्यापूर्वीच कागदाची जात ताडतो. माथ्यावर ‘श्री’ आणि खाली सलग शिरोरेघांच्या ओळी असतील तर पत्र. आडव्या रेघा आणि आकड्यांचे रकाने असतील तर हिशेब. शिक्का आणि मोर्तब कुठे आहे यावरून कागदाचा दर्जा. मोडीत शब्द तोडलेले नसतात, त्यामुळे वाचन सावकाश होते आणि निवड आधी डोळ्यानेच करावी लागते. हे कागद स्कॅन होतील तसतसे नुसते क्रमांक देऊन ते यादीत टाकले, तर अभ्यासकाच्या हातातले हे सगळ्यात जुने साधन आपण काढून घेऊ. त्यांना ग्रिडच हवी, आणि १२८ ठिपक्यांची नव्हे, चांगली मोठी.

चित्र की नाव असा झगडा लावण्याची गरज नाही, हेही संशोधनाने सांगितले आहे. २००१ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातल्या ॲलिसन वुडरफ आणि सहकाऱ्यांनी तीन गोष्टींची तुलना केली: नुसता मजकुराचा सारांश, नुसते लघुचित्र, आणि ज्यावर शोधलेले शब्द मोठ्या अक्षरांत उमटवले आहेत असे लघुचित्र. पहिल्या दोहोंपैकी काय सरस हे शोधाच्या प्रकारावर बदलत राहिले. तिसरे सगळ्या प्रकारांत भरवशाचे ठरले. वीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी आपल्या फोनमधल्या फायलींच्या ग्रिडमध्ये ही सोय सहसा नाही. उलट चित्राखालचे नाव अर्ध्यात तोडून तीन टिंबे दिलेली असतात, आणि नावाचा वेगळा भाग नेमका शेवटी असतो. ‘सातबारा उतारा गट’ एवढे दिसते, गट नंबर टिंबांत जातो. ही सोय येईपर्यंत आपल्या हातात असलेला उपाय म्हणजे वेगळेपण सांगणारा शब्द किंवा आकडा नावात आधी घालणे.

पुस्तकांच्या बाबतीत उपाय त्याहून सोपा आणि अधिक टिकाऊ आहे. मराठी विकिस्रोतावर स्कॅन केलेल्या पुस्तकाच्या सूचीपानावर मुखचित्र म्हणून कोणते पान दाखवायचे, त्याचा क्रमांक भरण्याची सोय आहे. एक आकडा भरला की कोऱ्या बांधणीऐवजी खरे मुखपान दिसते, आणि नावही तिथे देवनागरीत देता येते. जिल्ह्याजिल्ह्यांतली शतायुषी ग्रंथालये, साहित्य संस्था आणि देवस्थाने आपल्याकडचे ग्रंथ आणि दप्तरे स्कॅन करू लागली आहेत. त्यांच्या कार्यवाहांना या व्यासपीठावरून विनंती आहे की काम ठेकेदाराकडे सोपवतानाच करारात तीन अटी घालाव्यात: फाइलचे आणि ग्रंथाचे नाव देवनागरीत पूर्ण लिहायचे, मुखपान हेच लघुचित्र ठरवायचे, आणि मोडी किंवा हस्तलिखित असेल तर प्रत्येक पानाचे मोठे लघुचित्र सोबत द्यायचे. ज्यांचे स्कॅनिंग आधीच झाले आहे त्यांनी एकदा आपला फोल्डर ग्रिडमध्ये उघडून पाहावा, कोरी पाने किती दिसतात ते मोजावे, आणि दुरुस्तीला तिथून सुरुवात करावी.